मस्सा, मरीबा आणि आपली न निघालेली यात्रा



प्रायश्चित्तकाळाच्या या तिसऱ्या रविवारी मिस्सेतील पहिले वाचन निर्गम ग्रंथाच्या सतराव्या अध्यायातले आहे. इस्राएल लोक रफीदीम येथे तळ देतात. तिथे प्यायला पाणी नाही. लोक मोशेवर उलटतात. मिसरातून बाहेर काढलेस ते आमच्या लेकराबाळांचा आणि गुरांचा घसा कोरडा पाडायलाच का, असा त्यांचा सवाल असतो. शेवटी परमेश्वराच्या आज्ञेने मोशे खडकावर काठी मारतो आणि पाणी निघते. त्या जागेला दोन नावे पडतात. मस्सा म्हणजे परीक्षा आणि मरीबा म्हणजे भांडण. खडकातून पाणी निघाले, पण जागेला झऱ्याचे नाव मिळाले नाही. नाव राहिले ते भांडणाचे.

हे वाचन यंदा आपल्या धर्मग्रामात नेहमीसारखे ऐकले जाणार नाही, हे आम्ही जाणतो. २०१९ मध्ये आपल्यातील एक बस भरेल एवढी माणसे पवित्र भूमीची यात्रा करून आली. कैरो, सिनाय, जेरुसलेम, यार्देन नदी, नबो डोंगर. परत आल्यावर त्यांनी फोटो दाखवले, मृत समुद्राचे मीठ वाटले, आणि दुसऱ्या तुकडीची यादी तयार होऊ लागली. मध्ये कोरोना आला. मग पुन्हा नावे लिहिली गेली, आगाऊ रक्कम भरली गेली, नोव्हेंबर २०२३ मध्ये निघायचे ठरले. ७ ऑक्टोबरला तिकडे युद्ध पेटले आणि यात्रा रद्द झाली. भरलेल्या पैशांपैकी काही परत आले, काही विमान-तिकिटांच्या आणि हॉटेलांच्या नावाखाली अडकले. ज्यांनी आपल्यापैकीच एकाच्या हाती विश्वासाने पैसे दिले होते, ते त्याच्याकडे संशयाने पाहू लागले. याला आता दोन वर्षांहून अधिक काळ झाला. अजूनही मिस्सेत शांतीचे चिन्ह देताना काही हात शेजारच्या बाकाला वळसा घालून मागच्या बाकाकडे जातात. वेदीवरून ते दिसते, बंधूंनो.

म्हणून आज या वाळवंटाविषयी थोडे सविस्तर बोलू.

आपल्या मराठी बायबलमध्ये या प्रदेशाला 'अरण्य' किंवा 'रान' म्हटले आहे. रान म्हटले की आपल्याला मुळशी-वेल्ह्याकडची झाडी आठवते, करवंदाच्या जाळ्या आठवतात. सिनायला जाऊन आलेल्यांनी सांगितले की, तसे तिथे काहीच नाही. वाळूचे डोंगरही फारसे नाहीत. दगड आहे, तांबूस, उघडाबोडका, आणि त्याच्यावर आकाश. जबल मुसा हा २,२८५ मीटर उंचीचा डोंगर चढायला यात्रेकरू रात्री एक-दीडला निघतात, म्हणजे सूर्योदयाला माथ्यावर पोहोचता येते. थंडीच्या दिवसांत तिथे पाणी गोठते. ज्यांचे गुडघे धरलेले असतात ते उंटावर बसतात, तरी शेवटच्या साडेसातशे पायऱ्यांशी उंट थांबतो आणि पुढे आपले आपल्यालाच चढावे लागते. पायथ्याशी संत कॅथरिनचा मठ आहे. सम्राट जस्टिनियनच्या काळात, सहाव्या शतकात त्याच्या भिंती उभ्या राहिल्या आणि तेव्हापासून तिथली प्रार्थना थांबलेली नाही. मठाच्या तटाच्या आत एक मशीदही आहे, हे आपल्या लोकांना विशेष वाटले.

अनुवाद ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात एक आकडा आहे. त्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. होरेबपासून कादेश-बर्ण्यापर्यंतची वाट अकरा दिवसांची, असे तिथे लिहिले आहे. कादेश-बर्ण्या म्हणजे वचनदत्त देशाची वेस. अकरा दिवस! आपल्या टूरचा कार्यक्रमही साधारण तेवढ्याच दिवसांचा असतो. पण त्या लोकांना वेशीपलीकडे पाऊल टाकायला चाळीस वर्षे लागली, आणि निघालेल्यांपैकी बहुतेक जण वाटेतच मातीला मिळाले. रस्ता लांब नव्हता. हेरांनी येऊन सांगितले की त्या देशात धिप्पाड माणसे आहेत, आणि लोकांचा परमेश्वरावरचा भरवसाच उडाला. रात्रभर रडले, परत मिसरला जायची भाषा करू लागले. देवाने त्यांना अकरा दिवसांच्या वाटेवर चाळीस वर्षे फिरवले.

कुरकुरीची सुरुवात मात्र नेहमी लहान गोष्टीने होते. गणना ग्रंथात लोक मिसर देशातल्या जेवणाची आठवण काढून रडतात. मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण! गुलामगिरीत पाठीवर बसलेले फटके विसरले आणि लसूण आठवला. २०१९ च्या आपल्या मंडळींना यावर हसू आले, कारण निम्म्या बॅगांत लसणाची चटणी, लाडू आणि खाकरे होते आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलातल्या जेवणावर बसमध्ये जोराची चर्चा झाली होती. त्यात पाप काही नाही. जिभेला गाव सोडवत नाही. पण कुरकुर ही सर्दीसारखी असते, एकाला झाली की बसभर होते.

तर मग रफीदीमच्या लोकांचे चुकले कुठे? नीट पाहा. तहान खोटी नव्हती. लेकरे खरोखर रडत होती. परमेश्वर मोशेला असे म्हणत नाही की, या लोकांना गप्प बस म्हणून सांग. तो सांगतो, इस्राएलच्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना बरोबर घे, हातात काठी घे आणि लोकांच्या पुढे चालू लाग. म्हणजे जे होईल ते वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे. मागणी रास्त होती, देवाने ती पुरवली. ज्याला शास्त्र परीक्षा पाहणे म्हणते ते वेगळे आहे. परमेश्वर आपल्यामध्ये आहे की नाही, असा प्रश्न त्यांनी उभा केला, आणि ज्याने त्यांना समुद्रातून पार नेले त्याच्यावर उचलायला धोंडे शोधू लागले.

पैशांचा हिशेब मागणे हे मरीबा नव्हे, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. यात्रेच्या यादीत अशा भगिनी होत्या, ज्यांनी चार घरची धुणीभांडी करून वर्षानुवर्षे भिशी लावली होती. अशीही घरे होती, जिथे आईला एकदा जेरुसलेम दाखवायचे म्हणून मुलाने ऑफिसातून कर्ज उचलले होते. त्यांनी विचारू नये तर कोणी विचारावे? संत पौलाने जेरुसलेममधील गरीब बांधवांसाठी गावोगावच्या मंडळ्यांकडून पैसे गोळा केले, तेव्हा तो ते एकट्याने नेत नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो लिहितो की तीताबरोबर आम्ही मंडळ्यांनी निवडलेला भाऊही पाठवत आहोत, म्हणजे या रकमेबाबत कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. देवापुढे चोख असणे पौलाला पुरेसे वाटले नाही, माणसांपुढेही चोख दिसायला हवे होते. जेरुसलेमच्या नावाने गोळा होणाऱ्या पैशांचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीही नाजूकच होता!

पण विचारणे वेगळे आणि दगड उचलणे वेगळे. दगड हातात असला की उत्तर ऐकू येत नाही. आणि या दगडाचा घाव कोणाला बसला ते गणना ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात आहे. पुन्हा एकदा पाणी नाही, पुन्हा लोकांची गर्दी, पुन्हा तेच नाव, मरीबा. या वेळी मोशेचा तोल गेला. तो लोकांवर ओरडला, खडकावर दोनदा काठी मारली, आणि त्याच दिवशी देवाने त्याला सांगितले की तू या लोकांना त्या देशात घेऊन जाणार नाहीस. एकशे सहाव्या स्तोत्राचा कर्ता म्हणतो की लोकांमुळे मोशेचे वाईट झाले. भांडले ते लोक, आणि देशाला मुकला तो त्यांना घेऊन चाललेला माणूस. आपल्या गायनवृंदात एक जागा गेली दोन वर्षे रिकामी आहे. आम्ही याहून अधिक काही बोलत नाही.

आता मान्नाकडे वळू. हा विषय आपल्या फार जवळचा आहे. सकाळी दव उठले की जमिनीवर धण्यासारखे काहीतरी बारीक पांढरे पडलेले असे. लोक एकमेकांना विचारू लागले, 'हे काय?' मान्ना या शब्दातच तो प्रश्न आहे. ज्याने पुष्कळ गोळा केले त्याचे उरले नाही, ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही, आणि उद्यासाठी लपवून ठेवलेल्यात किडे पडले.

आपल्या घरातल्या आजी-आजोबांना विचारा, 'हे काय?' असे त्यांनी कधी विचारले होते. १९७२ च्या दुष्काळात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जालन्याकडे, विहिरींना तळ दिसला. सरकारी कामांवर खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला, नालाबंडिंगला माणसे लोटली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते. तिथे मुलांना सुकडी मिळायची. रेशनवर लालसर मिलो यायचा. त्याची भाकरी चिरत असे, घशाखाली उतरत नसे, पण तिने माणसे जगवली. संगमनेर, राहाता, हरेगाव, केंदळ या भागांतली आपली कितीतरी कुटुंबे त्या आणि त्यानंतरच्या दुष्काळांत नगर रस्त्याने पुण्यात आली. येरवडा, वडगाव शेरी, घोरपडी इथे पत्र्याच्या खोल्या करून राहिली. बांधकामावर, कारखान्यांत, इस्पितळांत कामाला लागली. मिसरातून निघालेल्यांची कथा त्यांना कोणी समजावून सांगावी लागली नाही. त्यांचा तांबडा समुद्र म्हणजे भीमेवरचा कोरेगावचा पूल, आणि त्यांचा मान्ना म्हणजे सुकडी.

त्या वाळवंटात खडकातून पाणी काढणारी माणसेही देवाने दिली. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात आयुष्य घातले. पडणारा पाऊस डोंगरमाथ्यापासून अडवत, जिरवत खाली आणायचा, आणि ते काम गावानेच एकत्र येऊन करायचे, हा त्यांचा आग्रह. त्यातून पाणलोट क्षेत्र विकासाचे मोठे काम उभे राहिले आणि १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. गाव एकत्र यायलाच हवे, कारण वरच्या शेतकऱ्याने बांध घातला नाही तर खालच्याची विहीर भरत नाही. हे मरीबाच्या अगदी उलटे आहे. पाणी हवे तर आधी भांडण मिटवा.

आपल्या शहरात याचे एक सुंदर उदाहरण दर आषाढीच्या वारीला येऊन जाते. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, ज्ञानोबांची भवानी पेठेत. नाना पेठेतच आपले सिटी चर्च आहे. त्याला जागा पेशव्यांनी दिली आणि १७९२ साली तिथे उपासना सुरू झाली. ज्ञानोबांच्या पालखीच्या मुक्कामावर संध्याकाळी समाजआरती असते. चोपदार दंड वर करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकतो, ती मिटवली जाते, आणि मगच आरती होते. तक्रार दाबून आरती नाही, आणि आरती मोडून तक्रारही नाही. प्रभू येशूनेही मत्तयच्या शुभवर्तमानात वेदीपुढे अर्पण घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला आठवण दिली आहे की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. शेजारचे वारकरी जे दरवर्षी आपल्या डोळ्यांसमोर करतात ते आपल्याला जमू नये, असे काही नाही.

आता आजचे शुभवर्तमान. येशू दमून याकोबाच्या विहिरीवर बसला आहे आणि शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो आहे. ती विहीर आजही नाब्लुस शहरात आहे, सुमारे चाळीस मीटर खोल, तिच्यावर ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च आहे. त्या स्त्रीचा प्रश्न यात्रेचाच आहे. आमचे पूर्वज या डोंगरावर भक्ती करत, तुम्ही म्हणता जेरुसलेममध्ये करायला हवी, मग खरे ठिकाण कोणते? येशू तिला सांगतो की अशी वेळ येत आहे जेव्हा ना या डोंगरावर, ना जेरुसलेमात, तर आत्म्याने आणि खरेपणाने पित्याची उपासना होईल. हे तो त्या भूमीतच बसून सांगतो. जे पवित्र भूमीला जाऊन आले त्यांनी हे वचन नम्रतेने ऐकावे, आणि ज्यांचे जाणे राहून गेले त्यांनी ते धीराने ऐकावे. 'जाऊन आलेले' आणि 'न गेलेले' अशा दोन जाती आपल्यात पडू नयेत. आधीच आपल्याकडे जातींची वाण नाही.

यात्रेला जाऊ न शकलेल्यांत एक फार मोठे नाव आहे. पोप संत जॉन पॉल दुसरे यांची इच्छा होती की २००० च्या ज्युबिली वर्षात, जिथून अब्राहाम निघाला त्या इराकमधल्या ऊर गावापासून आपली यात्रा सुरू करावी. ते जमले नाही. त्यांनी काय केले? २३ फेब्रुवारी २००० रोजी रोममध्येच, व्हॅटिकनच्या सभागृहात, लोकांना घेऊन अब्राहामाची ती यात्रा प्रार्थनेत आणि वाचनात पार पाडली. मग ते सिनायला गेले, आणि मार्चमध्ये नबो डोंगरावर आणि जेरुसलेमला. ऊरला पोप पोहोचले ते एकवीस वर्षांनी, मार्च २०२१ मध्ये, आणि ते होते पोप फ्रान्सिस. एकाची राहिलेली वाट दुसऱ्याने चालून पूर्ण केली.

फार जुन्या काळी, चौथ्या शतकाच्या अखेरीस, एजेरिया नावाची एक स्त्री पश्चिमेकडून निघून सिनायपर्यंत गेली होती. तिने आपल्या भगिनींसाठी लिहिलेल्या प्रवासवर्णनाची हस्तलिखित प्रत १८८४ मध्ये इटलीत सापडली. तिची एक पद्धत आम्हांला फार आवडते. ज्या ठिकाणी पोहोचेल तिथे ती प्रथम प्रार्थना करी, मग त्या जागेविषयीचा बायबलमधला उतारा वाचला जाई, मग स्तोत्र, मग पुन्हा प्रार्थना. आणि हे सारे ती लिहून ठेवी, घरी राहिलेल्या बहिणींना डोळ्यांपुढे दिसावे म्हणून. तिच्या लिहिण्यात आपण किती पुण्य जोडले याचा हिशेब नाही. मागे राहिलेल्यांची आठवण आहे.

२०१९ च्या तुकडीतली एक गोष्ट इथे सांगतो. नबो डोंगरावर त्या दिवशी धुके होते. निरभ्र दिवशी तिथून मृत समुद्र, यरीहो आणि दूरवर जेरुसलेमकडचे डोंगर दिसतात. त्यांना काहीच दिसले नाही. काही जण खट्टू झाले. मग त्यांतल्या एका वयस्क बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. पुण्याहून निघताना त्यांनी आपल्या वाडीतल्या न येऊ शकणाऱ्या माणसांची नावे लिहून घेतली होती. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, पासपोर्ट नसलेले, पैसे नसलेले, नवरा सोडत नाही म्हणून राहिलेल्या. त्यांनी ती एकेक करून मोठ्याने वाचली आणि सर्वांनी प्रत्येक नावानंतर 'नमो मरिये' म्हटले. धुके उठले नाही. पण मोशेच्या त्या डोंगरावर, जिथे त्याने देश पाहिला आणि पाऊल न टाकता डोळे मिटले, ती नावे बोलली गेली आहेत. आज भांडणाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांपैकी काहींची नावे त्या कागदावर होती, हे त्यांना कदाचित ठाऊक नसेल.

ज्या भूमीला आपण जाऊ शकलो नाही, तिथल्या आपल्या बांधवांचे काय झाले याचाही विचार करू. यात्रेकरू थांबले तेव्हा बेथलेहेममध्ये ऑलिव्हच्या लाकडाच्या गाईगोठ्यातल्या मूर्ती कोरणाऱ्या कुटुंबांची चूल थंडावली. गाझामध्ये पवित्र कुटुंबाच्या नावाचे एकच कॅथलिक धर्मग्राम आहे. पोप फ्रान्सिस आजारी असतानाही तिथल्या लोकांना जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत. एप्रिल २०२५ मध्ये ते देवाघरी गेले, तोवर हा नेम चालला. आपली बुडालेली रक्कम लहान नाही, आम्ही ती लहान म्हणत नाही. पण त्या फोनची वाट पाहणाऱ्या अंगणात तहान होती ती पिण्याच्या पाण्याची.

दरवर्षी गुड फ्रायडेला जगभरच्या चर्चमध्ये गोळा होणारे दान पवित्र भूमीतल्या ख्रिस्ती लोकांसाठी जाते. यंदा ती थैली आपल्या बाकापाशी येईल तेव्हा ती कुठे चालली आहे हे ध्यानात असू द्या.

आणि मोशेला सांगितल्याप्रमाणे वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन आम्ही ठरवले आहे की, येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या हॉलमध्ये यात्रेची वही, पावत्या आणि आलेली पत्रे टेबलावर उघडी ठेवली जातील. धर्मग्राम समितीचे तिघे ज्येष्ठ तिथे बसतील. ज्याला जे विचारायचे आहे त्याने ते विचारावे, ज्याच्याजवळ उत्तर आहे त्याने ते द्यावे. हिशेब संपेपर्यंत कोणी घाई करणार नाही. चहा भगिनी मंडळाकडून आहे. ज्यांचे पैसे अडकलेले नाहीत त्यांनीही यावे, खुर्च्या पुष्कळ आहेत. गायनवृंदाचा सराव त्या दिवशी हॉलऐवजी चर्चमध्येच होईल, आणि पेटीशेजारची ती जागा मोकळी ठेवायला आम्ही सांगितले आहे.